सहावर पास

“संसार काय नि ब्रिज काय, दोन्ही जोडीदारावरच्या विश्वासावर चालतात,” असं हिलाल पाटलांनी पत्त्यांच्या क्लबचा जिना चढता चढता जाहीर केलं. मग फोन काढून शेजारच्या अनुसयाबाईंना, बायकोने, म्हणजे सरलाबाईंनी, लावलेलं कुलूप जरा ओढून बघायला सांगितलं.

“लागलंय का?” सरलाबाईंनी विचारलं.

“लागलंय.”

“मग चला.”

वर संघाचा कप्तान ललित उभा होता. वय चौतीस, साड्यांच्या नक्षीचा धंदा, बोलणं गोड. सरलाबाई आत गेल्यावर त्याने हिलालना बाजूला घेतलं.

“काका, काकू जे बोलतात त्यावर तुम्ही दरवेळी एक चढवता. त्या तीन तर तुम्ही चार. त्या पाच तर तुम्ही सहा.”

“आणि तेवढे हात होतात की नाही?”

“होतात. नशीब तुमचं. पण नशिबावर टीम नाही चालत. आज एकदा जरी चढवलंत ना, तर मंगळवारपासून काकू धर्मेंद्रबरोबर बसतील. तुम्ही राखीव.”

धर्मेंद्र हा ललितचा मेहुणा. बँकेत अधिकारी. ब्रिज कॉम्प्युटरवर शिकलेला, आणि प्रत्येक पत्ता सॉरी म्हणून टाकणारा.

मिलमध्ये असताना विणकामाच्या मास्तरांनी हिलालना जेवणाच्या सुट्टीत हा खेळ शिकवला होता. एकवीस वर्षांपूर्वी तो त्यांनी बायकोला शिकवला. लिंबायतच्या घरात सरलाबाई ओटा, नातवंडं आणि भिशी यांच्यात वाटल्या गेलेल्या असत. तीन तास समोर बसून आपल्याकडेच लक्ष देणारी सरला त्यांना फक्त या टेबलावर मिळे. ती धर्मेंद्रला देऊन टाकायची कल्पना त्यांना सोसेना.

चढवण्याचं म्हणाल, तर तो त्यांना आपल्या छातीचा गुण वाटे. बाईमाणूस बिचकतं, पुरुषाने रेटायचं. सरलाबाईंनी एकवीस वर्षांत त्यावर एकदाही कुरकुर केली नव्हती. हिलाल याला आदर समजत.

खेळात आधी बोली होते. आपली जोडी किती हात करील ते कबूल करायचं. तेही तोंडाने नाही, डब्यातला पत्ता समोर मांडून. पहिले सहा हात धरलेलेच असतात, म्हणून सहाची बोली म्हणजे तेरापैकी बारा हात, सातची म्हणजे सगळे तेरा. कबूल केलेले हात आले तर घसघशीत गुण. न बोलता आलेला जादा हात म्हणजे लग्नातला टॉवेल-टोपी. आणि कुणी नशिबाची सबब सांगू नये म्हणून तेच पत्ते पलीकडच्या खोलीत विरुद्ध संघाच्या जोडीला मिळतात. तिथे त्यांच्याविरुद्ध ललित बसलेला होता. दोन खोल्यांतल्या गुणांचा फरक जास्तवाल्या संघाला.

त्या दिवशी पत्ते असे कंगाल येत गेले की चढवायचा प्रश्नच आला नाही. शेवटच्या डावाला मात्र हिलालनी पानं उघडली आणि सरळ होऊन बसले. दोन एक्के होते, आणि बरंच काही होतं. समोरून बोली चढत गेली. शेवटी सरलाबाईंनी शांतपणे पत्ता मांडला. सहा इस्पिक.

शेजारी बसलेल्या विरुद्ध संघाच्या जरीवालाशेठनी पास दिला, म्हणजे बोली वाढवली नाही.

हिलालचा हात सवयीने सातच्या पत्त्याकडे गेला. मग त्यांना मंगळवार दिसला. सरलासमोर सॉरी म्हणत बसलेला धर्मेंद्र दिसला. आणि या बाईचं आपण आजवर एकदाही जसंच्या तसं मानलं नाही, हेही नेमकं तेव्हाच ध्यानात आलं.

त्यांनी हिरवा पत्ता काढला. पास.

सरलाबाईंनी त्या पत्त्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. ऊर भरून आला असावा, असं हिलालना वाटलं. त्यांचाही आला होता.

सरलाबाईंनी डाव खेळला. हिलालना फक्त आपली पानं टेबलावर उघडी मांडून बघत बसायचं होतं.

“मासी, तेर आवी गया,” जरीवालाशेठ पानं गोळा करत म्हणाले. “बारा मागितले, तेरा मिळाले. काकांनी आज कमाल केली, मधे पडले नाहीत.”

दहा मिनिटांनी ललित आला.

“शेवटच्या डावाला किती बोललात?”

“सहा,” हिलाल म्हणाले. “तेरा आले.”

ललितने खुर्ची ओढली आणि बसला. “आमच्याकडे ते सात बोलले. अकरा गुण त्या एका डावात गेले. सामना गेला नऊनी.”

मग उठता उठता तो हिलालच्या कानाशी म्हणाला, “तुमची चूक नाही, काका. काकूच कमी बोलल्या. मंगळवारी या दोघंही.”

सामना गेला होता, पण मंगळवार वाचला होता. जिना उतरताना हिलाल मोठ्या मनाचे झाले.

“होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस. जरा बिचकलीस, एवढंच.”

“आजच काबर मन्हं ऐकं तुम्ही?” सरलाबाई म्हणाल्या. क्लबात त्या कधी अहिराणीवर येत नसत.

“आजच का ऐकलं, म्हणजे?”

“बिचकले-बिचकले काही नाही मी. सातच होते. मला केव्हाच दिसले होते.”

“मग सहा कशाला बोललीस?”

“सात बोलले असते तर तुम्ही कुठे गेला असता? आठ असतात का?” त्या एक पायरी उतरल्या. “एकवीस वर्षं एक कमीच बोलते मी. तुमच्या वाटचा ठेवून.”

सरलाबाईंनी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली, आत बसल्या, सरकून हिलालसाठी जागा केली.

“एवढं करा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला माझं ऐकणार असाल, तर आधी सांगत जा.”