बूथवाले काका

दारूपायी घर मोडलेल्या सुताराला मुलीने कित्येक वर्षांनी फोन केला. “सासरी सांगितलंय, तुम्ही वारलात. लग्नाला यायचं असेल तर फोटोबूथ बनवा, कारागीर म्हणून या.” दारू केव्हाच सुटली होती. तो हो म्हणाला. जुन्या कपाटाच्या फळ्यांना रंधा मारून त्याने चौकट उभारली, मखमली पडदा लावला, मुलीला कुसळ लागू नये म्हणून कडांवरून पुन्हापुन्हा तळहात फिरवला. लग्नात बूथसमोर झुंबड उडाली. “काका, एक फोटो आमच्यासोबत!” लाघवी नवरदेवाने सुताराला आत ओढलं. मुलीचा चेहरा उतरला. “राहू दे,” ती घाईने म्हणाली, “त्यांना काम आहे.” सुतार बाहेर येऊन कॅमेऱ्यामागे उभा राहिला. त्याच्या जागी मुलीचे सावत्र वडील अवघडून उभे राहिले. कॅमेऱ्यात ते अर्धेच दिसत होते. “मुलीचे वडील,” सुतार म्हणाला, “जरा जवळ सरका,” आणि त्याने बटण दाबलं.