कॅनमधली गुरगुर

लातुरात क्लासवर केमिस्ट्री शिकवणाऱ्या मन्मथनं सुट्टीत गावी येऊन पहिल्यांदाच बियर करायला घेतली. सातूच्या गोड पाण्यात यीस्ट सोडून त्यानं कॅन बापाच्या थंड खोलीत, खाटेशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी रामलिंगअप्पा दचकून उठले. खालून कुठून तरी गुरगुर येत होती. "बियर आंबायलीय. काही न्हाई अप्पा, झोपा तुम्ही," पोरगा हसून म्हणाला. मन्मथच्या जन्माआधी, भूकंपाच्या रात्री, अप्पांची पाच वर्षांची लेक जमिनीला कान लावून म्हणाली होती, "अप्पा, खाली गुरगुरायलंय." "रोजचंच हाय. काही न्हाई, झोप तू," अप्पांनीच तिला सांगितलं होतं. सकाळी दगडमातीतून तिचा देह उकरून काढला, तोही त्यांनीच. अप्पांनी गुरगुरता कॅन छातीशी कवटाळून अंगणात नेला. "अप्पा, उन्हात नासंल!" "नासू दे रं. भाईर तर हाय."