पितांबराचा पिवळा

दत्तात्रेय गाईच्या मागे मडकं धरून उकिडवा बसला होता. सोनूबाईंनी गोठ्याच्या दारातूनच नाकाला पदर लावला.

गोमूत्राची किळस यायला त्या काही मडमीण नव्हत्या. किळस जावयाची होती. सासुरवाडीला येऊन बसल्यापासून त्यानं त्यांच्या कपिलीला आंब्याच्या पाल्याखेरीज काडी खाऊ दिली नव्हती, पाणीसुद्धा घोटभरच देई. तेव्हा कुठं मूत असं दाट पिवळं उतरतं म्हणे. ते घरच्या चुलीवर आटवायचं, फडक्यातून गाळायचं, मागं राहील त्या चिखलाचे गोळे वाळवायचे, आणि खारीच्या शेपटीच्या कुंचल्यानं तळहाताएवढ्या कागदावर देव नि राजेराण्या रंगवायच्या. बाटलीतला विलायती पिवळा रंग असला की चित्र विकत घेणारा साहेब ते नवं म्हणून ओळखतो. हा गाईचा लावला की मुंबईचा शेट तेच चित्र पेशव्यांच्या आधीचं म्हणून खपवतो.

कपिलीचं दूध आटलं. वासरू शेजारच्या चंद्राबाईच्या गाईला लावावं लागलं. पण जावई म्हणजे विष्णू, त्याला टाकून बोलायची रीत नाही. लेकीला सांगितलं तर कमळ म्हणाली, ह्यांच्या हातात कला आहे. कला! गाईच्या ढुंगणाखाली मडकं धरायची.

दत्तात्रेयानं धोतराला हात पुसले आणि फळीवरचं वाळलेलं चित्र मोठ्या कौतुकानं सासूपुढं धरलं. बासरीवाला कृष्ण. पितांबर असा की अंधाऱ्या गोठ्यात ऊन पडावं. पायाशी गुबगुबीत गाय, कास भरून आलेली.

"शेटला अशी आणखी हवीत, सासूबाई. पावसाळ्यापर्यंत हिला पाल्यावरच ठेवू."

पावसाळा कपिली बघणार नव्हती. तिला उठताना खांबाचा आधार लागत होता.

सोनूबाईंनी चित्र घेतलं आणि कपिलीच्या तोंडासमोर नेलं. जावयाला बोलायचं नाही, पण गाईशी बोलायला कुणाची बंदी?

"बघ गो बाय," त्या म्हणाल्या, "कागदावरच्या गाईला पोटभर चारा हाय. तू मेलीस तरी ह्यांचं न्हाय अडत. आपल्या चौलात गाई काय कमी हायत?"

कपिलीनं मान लांब केली. खरखरीत जीभ पितांबरावरून फिरली. पुन्हा फिरली. दत्तात्रेय अहो, अहो करत धावला.

सोनूबाईंनी हात जरा खाली घेतला, तिला नीट पोचावं म्हणून.