फ्रीजरमधली जागा

त्याने फ्रीजरमधून आणखी एक पाकीट काढलं आणि ओट्यावर आपटलं. जाड, चंदेरी, चारही कडा चिकटवलेलं. वर आईचं अक्षर: लग्न, रंगीत निगेटिव्ह.

"एकतीस पाकिटं, आई! सोमवारपासून ही कामावर जाणार. बाळासाठी काढलेलं दूध साठवायचं कुठे, माझ्या डोक्यावर?"

"बाहेर ठेवलीस तर रंग उडतील." फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा आईने तिथून एवढंच घरी आणलं होतं.

"परक्यांची लग्नं ही. निम्मी मोडलीसुद्धा असतील."

"मोडू देत. त्या दिवशी फुलं लाल होती. ती लालच राहणार."

"राहिलीत का ते तरी बघू." त्याने कात्री उचलली.

"आत्ता नाही!" आई पुढे झाली. "गार असताना उघडलंस तर फिल्मला घाम सुटेल, डाग पडतील. निवांत गारवा जाऊ दे. उद्या उघड."

"उद्यापर्यंत कोण थांबतंय!"

बाळाला खांद्यावर टाकून त्याची बायको दारात उभी होती. ती आत आली आणि त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

"माझं नाव पुढे करू नकोस. जागा मला हवी ना? मग मी करते."

बाळ सासूबाईंकडे देऊन तिने फ्रीजरमध्ये हात घातला. आइस्क्रीमचे दोन मोठे डबे, मटारची पिशवी, त्याच्या शनिवारच्या मित्रमंडळींसाठीचा बर्फ. एकेक करून सगळं त्याच्या हातांवर रचलं. मग ओट्यावरची पाकिटं पुसून परत आत लावली, पुस्तकांसारखी उभी. उरलेल्या जागेत दुधाच्या पिशव्या, तारखा वर करून.

"तुमचं किती टिकेल हो, आई?"

"हिच्या नातवंडांना दिसेल," बाळाला थोपटत सासूबाई म्हणाल्या. "तुझं?"

"सहा महिने. पण थेंब वाया जाऊ देणार नाही."

दार नीट बसेना. सासूबाईंनी बाळ सांभाळत खांदा लावला. सुनेने पाठ टेकून रेटलं. खट्ट झालं, तरी दोघी तिथून हलल्या नाहीत.

"आणि हे?" त्याने विचारलं. पाणी त्याच्या कोपरांवरून गळायला लागलं होतं.

"खा," आई म्हणाली. "चमचे खालच्या खणात आहेत."