समोरच्या खिडकीतला दिवा

जपानमधल्या डोंगरावरच्या त्या गावात आता दोनच घरं नांदती होती. दरीच्या अलीकडे फुमिएसान, पलीकडे तामोत्सुसान, दोघंही ऐंशीच्या पुढचे आणि एकटे. बर्फाच्या अभ्यासासाठी सेंदाईहून आलेली उल्का फुमिएसानकडे उतरली होती. वादळात रस्ता बुजला आणि ती तिथेच अडकली. तामोत्सुसानचा फोन वादळापासून लागत नव्हता.

सकाळी बचाव पथकाने फोन केला तेव्हा फुमिएसान म्हणाल्या, "आम्ही दोन्ही घरं ठीक आहोत. तुम्ही आधी खालच्या गावांकडे बघा."

त्यांनी फोन ठेवल्यावर उल्काने विचारलं, "तामोत्सुसान ठीक आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"तो बघ, त्याच्या खिडकीत दिवा लागलाय. पहाटे उठलो की आम्ही दोघंही लावतो. ज्याचा लागला नाही, त्याच्याकडे माणसं धाडायची." त्या हसल्या. "माझ्याआधी जायचा नाही तो. चिवट आहे म्हातारा."

उल्का खिडकीपाशी गेली. दिवा रोजच्यासारखाच स्वच्छ दिसत होता.



'थंडीत दिवा लावायला उठवत नाही गं,' असं तामोत्सुसान म्हणाले, म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी उल्कानेच त्या दिव्याला टायमर बसवून दिला होता.