कोरी तारीख

"एक तारीख तर बदलायची आहे, दादा," धाकटीचा नवरा म्हणाला. चपला न काढता तो दारातच उभा होता.

दादा कप विसळत होता. त्याने नळ बंद केला आणि नाही म्हणाला.

काम त्याच्याच हातात होतं, हे खरं. मूत्रपिंडासाठी थांबलेल्या रुग्णांची माहिती रुग्णालयाच्या जुन्या डेटाबेसमध्ये होती. ती जशीच्या तशी नव्या डेटाबेसमध्ये नेऊन ठेवायची होती. नाव, रक्तगट, नोंदणीची तारीख. रांग तारखेवर लागायची. आधी आला तो वर. धाकटी वरच्या काही नावांत होती, पण पहिली नव्हती.

नवऱ्याने बरंच ऐकवलं. सख्ख्या बहिणीपेक्षा नोकरी मोठी झाली का, ही तत्त्वं काय उशाला घेऊन झोपायची आहेत का, असलं. दादाने ऐकून घेतलं. मग सांगितलं की रांगेतल्या एकाही ओळीला तो हात लावणार नाही. कुणाच्याच.

"बसा मग ओळी सांभाळत," नवरा म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याने फोन करणं सोडलं.

धाकटीला हे सगळं कळलं होतं. डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या ती हसली.

"मला नीट ने हं, दादा. घर बदललं तेव्हा आईच्या सगळ्या बरण्या फोडल्या होत्यास तू."

"तुला वर्तमानपत्रात गुंडाळलंय," तो म्हणाला.

तिचा हात बर्फासारखा गार होता. त्याने तो पांघरुणात सरकवला.

*

रंगीत तालीम.

खऱ्या बदलाआधी सगळी माहिती एकदा नव्या जागी उतरवून पाहतात. त्याने उतरवली.

ओळी: जुळल्या.
रकाने: जुळले.
रांग उघडली.

धाकटी पहिली होती.

त्याने जुनी रांग शेजारी उघडली. तिथे तिच्या वर चार नावं. नव्या रांगेत ती चारही तळाला गेली होती. चौघांच्याही तारखेचा रकाना कोरा होता.

तो वर मेट्रनबाईंकडे गेला. रांगेचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि रुग्णालयात त्यांच्या शब्दापुढे डॉक्टरही जात नसत. कोऱ्या तारखांचं त्याने सहज विचारावं तसं विचारलं.

त्या म्हणाल्या की ती इथली जुनी पद्धत आहे. ज्या रुग्णाला आता थांबणं शक्य नाही, त्याची तारीख डॉक्टर पुसायला सांगतात. खरी तारीख कागदावर असतेच. कोरी तारीख मशीन आपोआप सगळ्यांच्या वर नेतं. हे कधी कुणी ठरवलं नाही, कुठे लिहिलं नाही, पण इथे सगळ्यांना माहीत आहे.

"नव्यात पण वरच येतील ना?" त्यांनी विचारलं.

नव्या डेटाबेसची रीत उलटी होती. कोरं ते शेवटी. त्याला एक ओळ लिहून ते सुलटं करता आलं असतं, चहा निवायच्या आत.

"सगळं जसंच्या तसं येतं," तो म्हणाला.

"तुमची बहीण आहे त्यात, ठाऊक आहे मला," मेट्रनबाई म्हणाल्या. "धीर धरा. आम्ही आहोत."

तो खाली आला. ती ओळ त्याने लिहिली नाही. त्या चार नावांतलं एकही त्याच्या ओळखीचं नव्हतं. आणि त्याने कशालाच हात लावला नव्हता. वाटेल त्याने तपासावं.

संध्याकाळी त्याने स्वतःहून नवऱ्याला फोन केला. मी काही बदललेलं नाही आणि बदलणार नाही, असं पुन्हा सांगितलं. धाकटीच्या नव्या तपासण्या व्हायच्या आहेत, रिपोर्ट परस्पर डॉक्टरांकडे जातील, एवढंच नवरा तुटकपणे बोलला.

"फोन तेवढा जवळ ठेवा," दादा म्हणाला. "दोघांनीही."

*

खरा बदल.

आठवडाभराने, सकाळी जुनी रांग गोठवली. आता तीत कुणाला काही लिहिता येणार नव्हतं. तिची ताजी नक्कल नव्या जागी उतरली. पडताळणी नोंदणी क्रमांकाने झाली, एकेका ओळीसमोर तीच ओळ. कोण वर आणि कोण खाली, हे त्या पडताळणीत कुणी पाहत नाही. त्यानेही पाहिलं नाही. ते तो तालमीत पाहून बसला होता.

ओळी: जुळल्या.
रकाने: जुळले.
डॉक्टरांची सही: झाली.

जुनं मशीन बंद केल्यावर खोली एकदम शांत झाली. पंख्याचा एवढा आवाज होता, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी निरोप आला की एक मूत्रपिंड मिळालं आहे. रक्तगट धाकटीचाच. दादा केबल गुंडाळत होता. त्याने ती उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. मग वर गेला.

डेस्कवरची मुलगी नवी होती. नव्या स्क्रीनवर ती खूश होती. एक बटण दाबलं की पहिलं नाव आणि नंबर समोर, असं तिने कौतुकाने सांगितलं.

"लागला फोन?"

"पहिल्याच रिंगला उचलला. निघालेत पण."

फोन जवळच ठेवला होता तर. दादाने कपाळ पुसलं. सही केली, बिल्ला परत दिला, पिशवी खांद्याला लावली. पुढच्या दाराशी थांबायचं त्याने ठरवलं. धाकटीला गाडीतून उतरताना आधार लागतो.

जिन्यात मेट्रनबाई भेटल्या. धावपळीतही थांबल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"म्हटलं होतं ना, आम्ही आहोत," त्या हळूच म्हणाल्या. "काल संध्याकाळी रिपोर्ट बघून डॉक्टर घाबरलेच. तुम्ही जुनं मशीन गोठवायच्या आत मी स्वतः जाऊन तुमच्या बहिणीची तारीख पुसून आले."