आधी उठेल तो

परशरामनं आणखी एक तांब्या पाणी घटाघटा रिचवलं आणि समोर बसलेल्या भावकूच्या ओटीपोटात कळ आली.

सकाळपासून दोघं रवळनाथाच्या देवळापुढं मांडी घालून बसले होते. उद्या बेंदूर, बैलांचा सण. त्या दिवशी वेशीत जी दोरी बांधतात, तिला कर म्हणतात. कर तोडत पहिली बैलजोडी कुणाची पळणार, एवढाच वाद. दोन्ही घरं मान आपलाच म्हणत होती. असल्या भांडणापायी इतर गावं बेळगावच्या कोर्टात जोडे झिजवायची. या गावचा कायदा सोपा होता. दोघांनी देवापुढं बसायचं. जो आधी उठेल, त्याचा दावा उठला. साक्षी-पुरावे खोटे करता येतात, बूड टेकून बसणं खोटं करता येत नाही, असं पंचांचं म्हणणं होतं.

भावकू तयारीनिशी आला होता. आईला बेळगावच्या इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरनं त्याला चित्र काढून सगळं समजावलं होतं. पाठीत कण्याच्या दोन्ही अंगांना दोन मूत्रपिंडं असतात. दिसायला घेवड्याच्या दाण्यासारखी, आकारानं मुठीएवढी. ती रक्त गाळतात. नको ते पाणी दोन बारीक नळ्यांतून थेंबथेंब खालच्या पिशवीत उतरतं. पिशवी भरली की माणसाला उठावं लागतं. भावकूनं त्यातून आपल्यापुरतं शहाणपण काढलं. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे पिशवी भरायची नाही. कालपासून त्यानं घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

पण मूत्रपिंडांना बेंदराचं काही सोयरसुतक नव्हतं. अंगात होतं त्या रक्तातूनच ती इमानेइतबारे गाळत राहिली. ऊन कलल्यावर भावकूला धड बसवेना. आणि हा परशराम तांब्यावर तांब्या रिचवतोय, तरी मांडी हलवत नाही. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम.

"तपश्चर्या हाय ही," पंच भरमाआप्पा हात जोडून म्हणाले. "अंगात देव आल्याबिगर असं बसवतंय व्हय?"

देवाशी झुंजायची भावकूच्या पिशवीची तयारी नव्हती. बैलांची शिंगं रंगवायला आणलेला हिंगूळ त्याला आठवला. बायको राजाबाई काय म्हणेल, तेही आठवलं. मग काहीच आठवेना. तो उठला आणि धोतर सावरत कुंपणामागं पळाला.

तिथं त्याला इतकं सुख झालं, की मान गेल्याचं दुःख यायला जरा वेळच लागला.

परतला तेव्हा परशरामच्या डोक्याला पटका बांधून झाला होता. गुलाल उधळून झाला होता. लोक उठा, उठा म्हणत होते, पण परशराम उठत नव्हता. हार कबूल करायला भावकू वाकला, तसं परशरामनं त्याचं मनगट गच्च धरलं.

"भावकू, मान तूच घे रं," तो कानाशी पुटपुटला. "मुतखडा अडकलाय. पाणी पी, वाहून जाईल, म्हणाला वैद्य. कालपास्नं थेंब उतरला न्हाय. तुझी बैलं जुप आन् बेळगावला ने मला. तू आत्ता गेलतास न्हवं, तसं एकदा जाता आलं तर बास."